मदत हवी आहे: एबीएसवाल्या जुन्या गाडीच्या ब्रेकमधली हवा घरी कशी काढायची?

खटारा_१३
ब्रेकमधली हवा निघेना झालीय. पेडल मऊ लागतंय, पंप केलं की वर येतं, जरा थांबलं की परत खाली. गाडीला एबीएस आहे, म्हणजे गच्च ब्रेकला चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. यूट्यूबवर एक म्हणतो गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरशिवाय होत नाही, दुसरा म्हणतो साध्या गाडीसारखंच करा. नक्की काय? शनिवारी आईला घेऊन तुळजापूरला जायचंय, लवकर सांगा. 'गॅरेजला न्या' हे उत्तर नको, ते मलाही माहीत आहे.

होटगीकर
कुठली गाडी? कुठलं साल? काय काम केलं होतं? मागं ड्रम का डिस्क? काम करताना ऑइलची टाकी कोरडी पडली का?

खटारा_१३
स्विफ्ट, पेट्रोल. ब्रेक ऑइल बदललं.

होटगीकर
मालक, पाच प्रश्न विचारले, दीड उत्तर आलं.

खटारा_१३
२००९, झेडएक्सआय. पुढं डिस्क, मागं ड्रम. टाकी एकदा रिकामी झाली असेल. भाचा पेडल मारत होता, मी चाकापाशी होतो, टाकीकडं कोण बघणार?

पानापकड
डॉट ५ ब्रेक ऑइल टाका. सिलिकॉनचं असतं, पाणी शोषत नाही, रंगालाही काही करत नाही. एकदा टाकलं की विसरून जा.

टोपपाना
डॉट ५ अजिबात टाकू नका! एबीएसचा पंप चालला की त्यात बारीक फेस होतो आणि तो बसता बसत नाही. आधीच्या ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये ते मिसळतही नाही. डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच आहे. झाकणावर जे लिहिलंय ते आणा, सीलबंद डबा आणा.

पानापकड
माझ्या मित्राच्या जीपमध्ये कितीतरी वर्षं आहे, काही झालं नाही.

टोपपाना
जीपला एबीएस आहे का?

पानापकड
नाही.

विडी_घरकुल
मालक, २००९ म्हणजे १५ वर्षं झाली की. पासिंग केलं का? आरटीओत पाच वर्षं वाढवून मिळतात. हरित कर भरावा लागतो, पीयूसी ताजी लागते आणि सकाळी लवकर गेलं तर

खटारा_१३
पासिंग झालंय. ब्रेकचं विचारलंय बे.

सातरस्ता_काका
जरा निवांत वाचा. एबीएस युनिटमध्ये प्रत्येक चाकासाठी दोन व्हॉल्व्ह असतात. आत जाणारा एरवी उघडा असतो, म्हणून साध्या ब्रेकिंगला ऑइल त्यातून सरळ चाकाकडं जातं. बाहेर सोडणारा एरवी बंद असतो. त्याच्यामागं एक छोटा कप्पा आणि ऑइल परत ढकलणारा पंप. टाकी कोरडी पडली तर हवा युनिटपर्यंत जाऊ शकते. वाटेतली हवा नेहमीच्या पद्धतीनं निघते. बंद व्हॉल्व्हमागं गेलेली निघत नाही, तिथं स्कॅनरनं पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात.

आता मुद्दा. त्या मागच्या कप्प्यातली हवा आत्ता तुमचं पेडल मऊ करणार नाही. मध्ये व्हॉल्व्ह बंद आहे ना! ती त्रास देईल एबीएस चालू झाल्यावर, म्हणजे नेमकं घाटात कुणी आडवं आल्यावर. आत्ता पेडल मऊ आहे याचा अर्थ हवा दुसरीकडंही आहे, नाहीतर मागचे ड्रम ढिले आहेत. इंजिन बंद ठेवून पेडल पंप करा आणि दाबून धरा. हळूहळू खाली सरकलं तर पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरचं सील गेलंय.

खटारा_१३
सरकत नाही, टिकतं. एबीएसचा दिवाही लागत नाही, म्हणजे युनिट ओके ना?

सातरस्ता_काका
दिवा वायरिंग, सेन्सर, मोटर बघतो. हवा त्याला कळत नाही.

हिप्परगेकर
स्कॅनर-बिनर काही नको. आमच्या हिप्परगा तलावाच्या बाजूला कच्चा रस्ता आहे. तिथं चाळीसच्या स्पीडला गच्च ब्रेक दाबायचा, पायाखाली टरटर झालं की पंप चालला. असं चार-पाचदा करून परत ब्लीडिंग, म्हणजे हवा काढणं. मी असंच केलंय.

टोपपाना
ज्याचं पेडल खाली जातंय त्याला चाळीसच्या स्पीडला ब्रेक मारायला सांगता? आधी पेडल कडक होऊ दे, मग ठरवू.

हिप्परगेकर
रिकामा रस्ता असतो हो.

टोपपाना
आणि म्हशी?

हिप्परगेकर
म्हशी संध्याकाळी येतात.

गुगलबाबा
चारशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी, म्हणजे गाडीचे कोड वाचणारी डबी, घ्या, मोबाइलवर सगळं होतं.

सातरस्ता_काका
त्यावर इंजिनचे कोड दिसतात. एबीएस ब्लीडिंगचा पर्याय त्या स्वस्तातल्या डबीत बहुतेक नसतोच.

होटगीकर
खटारा, मला अजून एक शंका आहे. नुसतं ऑइल बदलून इतकी हवा शिरत नाही. डिस्कवर पॅड दाबणारे कॅलिपर काढले होते का?

खटारा_१३
हो, काढले होते. पुढचा एक पिस्टन जाम होता, म्हणून दोन्ही सोडून सील किट टाकून आणले. त्याचा काय संबंध?

होटगीकर
हे पहिल्या पोस्टमध्ये नको होतं का बे! दोन्ही पुढच्या चाकांचे फोटो टाका. हवा काढायचा निपल दिसला पाहिजे.

खटारा_१३
टाकले. तोवर भाच्याला घेऊन परत ब्लीड करालोय.

होटगीकर
थांबवा. निपल खालच्या बाजूला आहे, दोन्हीकडं. डावा कॅलिपर उजवीकडं गेलाय. हवा वर साठते आणि तुम्ही तळातून नुसतं ऑइल काढताय. डब्बाभर ओतलं तरी निघणार नाही. अदलाबदल करा, निपल वर आला पाहिजे. होज पाइपला पीळ पडलाय का तेही बघा.

खटारा_१३
त्यानं दोन्ही एकाच पिशवीत घालून दिले होते, खूण काही नव्हती. उद्या सकाळी करतो. कुठल्या चाकापासून सुरू करू?

टोपपाना
मॅन्युअलमधला क्रम पहिला. तो नसेल तर मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी, आपल्याकडं बहुतेक मागचं डावं. पारदर्शक नळी, बाटलीत थोडं ऑइल, नळीचं टोक त्यात बुडालेलं. भाच्यानं दाबून धरायचं, तुम्ही निपल सोडून परत आवळायचा, मगच त्यानं पाय उचलायचा. भाच्याला 'दाब' आणि 'सोड' यापलीकडं काही बोलू देऊ नका. पेडल पार तळाला नको, खाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा पुढचा न वापरलेला भाग खरखरीत झालेला असतो, तिथं सील फाटतं. आणि टाकीवर तिसरा माणूस बसवा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका.

पानापकड
दोघं कशाला? मोठी सिरिंज लावून निपलमधून ओढा.

टोपपाना
ओढताना निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा येते, नळीत बुडबुडे दिसतच राहतात. मग माणूस दिवसभर ओढत बसतो.

खटारा_१३
कॅलिपरची अदलाबदल केली, मागच्या ड्रमचे लायनर थोडे ॲडजस्ट केले. पेडल वर आलं, कडक आहे. गल्लीत हळू चालवून बघितली, थांबते. आता तुळजापूरला चालेल ना?

सातरस्ता_काका
टाकी कोरडी पडली होती. स्कॅनरनं युनिट चालवून, परत चारही चाकं ब्लीड केल्याशिवाय घाट नको. आईंना एसटीनं न्या.

खटारा_१३
अक्कलकोट रोडला एकजण स्कॅनर घेऊन घरी येतो म्हणाला, पण सोमवारी. शनिवारी एसटीच.

हिप्परगेकर
कच्चा रस्ता मोकळाच आहे, सांगून ठेवतो.

विडी_घरकुल
सगळे ब्रेकवाले आहेतच तर विचारतो. माझी व्हॅन ब्रेक मारला की डावीकडं ओढते. एबीएस नाही. काय असेल?

होटगीकर
नवा धागा काढा. आणि साल, काम, टाकी, सगळं पहिल्या पोस्टमध्ये लिहा.