पट ९४, शिक्षक ४. मुलीला मनपा शाळेत घालावं का? (नाशिक, अंबड-चुंचाळे साइड)

चुंचाळेकर:

लांबण लागणारे, आधीच सांगतो.

मुलगी या जूनला पहिलीत जाईल. सीनियर केजीपर्यंत इंग्लिश मीडियमला होती पण यंदा फी अशी वाढवलीये की माझा कंपनीतला सगळा ओव्हरटाइम तिकडेच ओतायचा. घरापासून चालत आठ मिनिटांवर मनपाची शाळा आहे, पहिली ते पाचवी, सेमी. मिसेस म्हणाली आधी बघून तर येऊ, मग काय ते ठरवू.

त्यात झालं काय की मामेभाऊ अमेरिकेत असतो, त्याचा पोरगा तिकडे एका छोट्या शाळेत जातो, चार्टर स्कूल म्हणतात तशी, त्याने त्या शाळेच्या माहितीचं पान पाठवलं. मी बघतच बसलो. एकूण पोरं किती, इयत्तेप्रमाणे किती, गोरी किती काळी किती हिस्पॅनिक किती, फुकट जेवण मिळणारी किती, आणि शिक्षक साडेतेरा. साडेतेरा! म्हटलं अर्धा शिक्षक कुठे बसवतात हे लोक.

मग आपल्याकडे असं काही मिळतं का शोधलं तर यूडायसच्या (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) 'नो युवर स्कूल' वर आपल्या शाळेचं पण निघालं, २७ ने सुरू होणारा अकरा आकडी कोड असतो तो टाकायचा. पट ९४, शिक्षक ४. भागाकार केला तर साडेतेवीस पोरांमागे एक. आमच्या इंग्लिश मीडियमला एका मिससमोर ४६ आहेत! मग मनपात शिक्षक नाहीत, शिक्षक नाहीत ही बोंब कशाची?

आणि दुसरं, थोडं ऑड वाटेल पण विचारतो. शेजारचे म्हणतात तिथे बरीचशी पोरं बाहेरची आहेत, यूपी-बिहारची, पेठ-सुरगाण्याकडची, खानदेशातली. मग मुलीच्या मराठीचं काय? जाणकारांनी सांगा, टोमणे नकोत.

खडूवाली ताई:

दादा मी मनपा शाळेतच आहे, तुमच्या भागात नाही पण गत सगळीकडे तीच. १९ वर्षं झाली.

भागाकार बरोबर आहे तुमचा, पण वर्ग पाच आहेत ना. शिक्षक चार. म्हणजे एक जोडवर्ग ठरलेला, बहुतेक पहिली-दुसरी नाहीतर तिसरी-चौथी एकाच खोलीत, अर्ध्या फळ्यावर एकांची बेरीज आणि अर्ध्यावर दुसऱ्यांचं शुद्धलेखन. आता त्या चारातला एक मुख्याध्यापकाचा चार्ज बघणार, कारण आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायदा) मुख्याध्यापकाचं वेगळं पद पट १५० च्या वर गेला तरच. चार्ज म्हणजे काय तर पोषण आहाराची नोंद, यूडायस, अपार आयडी (प्रत्येक विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), आणि केंद्रप्रमुखांचा मेसेज की आजच्या आज लिंक भरा. दुसरा कोणीतरी बीएलओ असणार, म्हणजे मतदारयादीचं काम. आरटीईच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की शिक्षकांना इतर कामं द्यायची नाहीत, पण निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण सोडून. आणि या तिन्ही गोष्टी आपल्या देशात कधी संपतात?

आता पदांचं गणित सांगते ते कोणी पालकांना सांगतच नाही. पहिली ते पाचवीला ६० पर्यंत पट असला की २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, पुढे २०० पर्यंत ५. म्हणजे तुमची शाळा ९४ वर आहे ती अगदी काठावर उभी आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवणं, होते ती ३० सप्टेंबरच्या पटावर आणि त्यातही आधार व्हॅलिड असलेलीच पोरं धरतात. सहा पोरांचं आधार लटकलं की झाले ८८. मग एक शिक्षक अतिरिक्त आणि त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत. (पद टिकायला वेगळा आकडा, नवीन मिळायला वेगळा, असे जीआरमध्ये बरेच बारकावे आहेत, तेवढ्यात जात नाही.)

आमच्याकडे चौथीत एक पोरगा आहे, त्याच्या आधारवर लिंग स्त्री पडलंय. दीड वर्ष झालं. रोज शाळेत येतो, दोनदा खिचडी घेतो, कबड्डीत सगळ्यांना लोळवतो, पण पोर्टलवर मिसमॅच. मी स्वतः त्याला ॲक्टिव्हावर मागे बसवून आधार सेंटरला दोनदा नेऊन आले. एकदा सर्व्हर डाऊन, एकदा म्हणे जन्मदाखला आणा. जन्मदाखला कुठनं आणू, पोरगं जन्मलं वीटभट्टीवर. बाप म्हणतो मॅडम आज रोज बुडवला तर उद्या मुकादम दुसरा माणूस लावतो.

नाशिकरोडचा परदेशी पाहुणा:

साडेतेराचं सांगतो 😀 इथे अमेरिकेत शिक्षक माणशी मोजत नाहीत, पूर्ण वेळेच्या हिशोबाने मोजतात. संगीताची बाई आठवड्यातले अर्धे दिवस येत असेल तर ती ०.५. त्यामुळे आकडा असा अर्धवट येतो.

पण त्या आकड्यावर फार जाऊ नका. माझ्या पोराच्या शाळेचं प्रमाण १४ ला १ असं दिसतं, प्रत्यक्ष त्याच्या वर्गात २४ पोरं आहेत. कारण स्पेशल एज्युकेशनची टीचर, वाचनात मागे पडलेल्यांना वेगळं घेऊन बसणारी टीचर, ज्यांचं इंग्लिश कच्चं त्यांची वेगळी, सगळ्या त्यात धरलेल्या. वाईट नाहीये ते, उलट चांगलंच आहे, फक्त वर्गातली गर्दी त्यावरनं कळत नाही.

चार्टर म्हणजे सरकारी पैशावर चालणारी पण सरकारी शाळा खात्याच्या रोजच्या कारभाराबाहेरची शाळा, करार असतो, ठरलेल्या गोष्टी करून दाखवल्या नाहीत तर करार बंद. फी नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत. पहिला कायदा मिनेसोटात १९९१ ला झाला. आपल्या अनुदानित संस्थेच्या शाळेची आठवण येते पण तसंच नाही ते. आणि ते फुकट जेवणाचे टक्के असतात ना, ते खरं तर गरिबी मोजायचं माप आहे, घरचं उत्पन्न गरिबी रेषेच्या १३० टक्क्यांच्या आत असेल तर जेवण फुकट, १८५ च्या आत असेल तर सवलतीत. आपल्याकडे खिचडी सगळ्यांनाच, त्यामुळे हे माप आपल्याला लागू नाही.

शिक्षक टिकायचा प्रॉब्लेम इथेही आहेच. पोराच्या शाळेत दोन वर्षांत तीन टीचर बदलल्या, सगळ्या पंचविशीतल्या, तिसरी गेली तेव्हा पोराने विचारलं पण नाही कुठे गेली म्हणून. फॉर्म भरताना वंशाच्या रकान्यात मी 'एशियन' वर टिक केली, चिनी, व्हिएतनामी आणि आम्ही नाशिकरोडचे एकाच डब्यात.

सातपूरची आई:

टोमणा नाही मारत पण विचारते, अंबड-सातपूरला "इथलं" कोण आहे ते तरी सांगा. एमआयडीसी आली म्हणून आपण सगळे आलो. आम्ही २००४ ला अमळनेरहून. माझा मोठा शाळेत गेला तेव्हा बाईंनाच विचारायचा काय करी ऱ्हायना, आता अहिराणीत बोल म्हटलं तर लाजतो. एवढ्या लवकर जाते भाषा.

धाकट्याच्या वर्गात गोरखपूरकडचा एक आहे, बाप पावडर कोटिंगला. पहिलीत दिवाळीपर्यंत तोंड उघडलं नाही त्याने. आता तिसरीत आहे आणि मराठी शुद्धलेखन आमच्यापेक्षा चांगलं, आमचा 'आणि' चा णी अजून दीर्घ काढतो. त्याच्या आईला दवाखान्याचा कागद हाच वाचून दाखवतो. तुमच्या मुलीच्या मराठीला काही होत नाही.

खरा त्रास वेगळाच आहे. पोरं टिकत नाहीत. बापाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की खोली बदलली, खोली बदलली की शाळा बदलली. आमच्याचा बाकावरचा जोडीदार एका वर्षात तीनदा बदलला. पोरं रडतात हो. आणि बाई परत पहिल्यापासून त्या नव्या पोराला घेऊन बसतात तोवर बाकीची गोंधळ घालतात.

निवृत्त गुरुजी, पंचवटी:

या ताई म्हणतात ते अगदी बरोबर. त्यात एक भर घालतो. मी पेठ रोडच्या बाजूला बरीच वर्षे काढली. आमच्याकडे पेठ, सुरगाणा, हरसूल भागातली मुले असत. त्यांच्या घरी पाऊस पडला की भात-नागलीला सगळं कुटुंब गावाकडे. लावणीपासून कापणीपर्यंत तिकडेच. दिवाळी झाली की पुन्हा शहरात बांधकामावर, नाहीतर दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामावर. म्हणजे वर्ग भरलेला असतो नोव्हेंबर ते एप्रिल, आणि पट मोजतात ३० सप्टेंबरला! ज्या दिवशी ही मुले हमखास नसतात तोच दिवस. शिक्षक मंजूर होतात पावसाळ्यातल्या संख्येवर आणि शिकवायचे असते उन्हाळ्यातल्या संख्येला.

३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली ती जुन्या लोकांना आठवत असेल. एकच मूल दोन शाळांत दाखवू नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावत होते, मतदानाला लावतात तशी. बोगस पट दाखवणाऱ्या शाळा राज्यात होत्या, नाही असे नाही, कारवाई व्हायलाच हवी होती. पण माझ्या हजेरीच्या कॅटलॉगवर ४१ आणि समोर २९. पथकातले साहेब माझ्याकडे असे पाहात होते की मीच बारा मुले खिशात घातलीत. सांगितले साहेब, शेतावर आहेत. ते म्हणाले गुरुजी, सगळे हेच सांगतात. दिवाळीनंतर त्या बारातली दहा परत आली. एकाने विचारले गुरुजी मला शाई नाही लावणार का.

आता शिक्षण हमी कार्ड, बालरक्षक वगैरे आले आहे, मूल गावाला गेले तर तिथल्या शाळेत त्याला बसता यावे म्हणून. कल्पना उत्तम. पण कार्ड भरून द्यायला मूल जाणार हे आधी कळायला हवे. ते सोमवारी कळते, रविवारी गेलेले असते.

चुंचाळेकर:

बाप रे, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. सातपूरच्या ताई, बरोबर आहे तुमचं, माझे वडील पण येवल्याहून इथे आले, लिहिताना लक्षातच नाही आलं.

काल हाफ डे टाकून जाऊन आलो. चार शिक्षक आहेत ते असे: एक मॅडम चार्जवर, वय साधारण ४८. टेबलावर बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडं, मला वाटलं वा काय अभ्यासू बाई, तर त्याच म्हणाल्या टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षा) तयारी चाललीये, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२५ ला सांगितलं ना, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्यांनी दोन वर्षांत पास व्हायची म्हणून. २४ वर्षं शिकवून झालंय त्यांचं. दुसरे सर बीएलओ, ते भेटलेच नाहीत. तिसरा एक तरुण शिक्षणसेवक, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधनं लागलाय, लातूरकडचा, १६ हजार मानधन आणि असं तीन वर्षं. रूम पाथर्डी फाट्याला शेअरिंगमध्ये. म्हणजे स्टाफ पण बाहेरचाच 😀 चौथ्या मॅडमकडे पहिली-दुसरी जोडवर्ग.

त्या चौथ्या मॅडमच्या वर्गाबाहेर मी वीस मिनिटं उभा राहिलो. दुसरीच्या पोरींना पहिलीच्या पोरांच्या मध्ये बसवलेलं, एकीला एक. एक पोरगी शेजारच्या बारक्याचं बोट धरून पाटीवर 'क' गिरवून घेत होती आणि तो सारखा खिडकीतनं माझ्याकडे बघत होता तर तिने त्याची मानच धरून पाटीकडे वळवली. मॅडम तोवर तिसऱ्याच कोपऱ्यात. आवाज भरपूर होता पण काम चालू होतं.

कॅटलॉग दाखवा म्हटलं तर दाखवलं, कुरकुर नाही केली. सात नावांपुढे पेन्सिलने 'गावी' लिहिलंय. पेनने का नाही विचारलं तर म्हणे येतात हो परत, खोडायला बरं.

खडूवाली ताई:

पेन्सिलचं वाचून हसले, मीही तेच करते. दादा, घालायचं ठरलं तर एक करा, शाळा व्यवस्थापन समितीत या. पाऊण सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला हव्यात, तर मिसेसना उभं करा. मोठं काही नाही, सप्टेंबरच्या आधी ज्यांचं आधार अडकलंय त्यांची यादी मागून घ्या आणि दोन-तीन पालक मिळून रविवारी त्यांना सेंटरला न्या. माझ्या ॲक्टिव्हावर एका वेळी एकच बसतो.

सातपूरची आई:

आणि मुलीला डबा देऊच नका, खिचडी खाऊ द्या सगळ्यांबरोबर. आमच्याला पहिले पंधरा दिवस डबा दिला तर तो एकटाच वेगळा बसायचा.

चुंचाळेकर:

ॲडमिशन केली. मॅडमनी दोन फोटो, जन्मदाखला आणि आधारची झेरॉक्स मागितली. झेरॉक्स काढताना बघितलं तर मुलीच्या आधारवर आमचं आडनाव चुकलंय, एक काना जास्त. आता कोणतं सेंटर रविवारी चालू असतं ते सांगा.