एकदा एकमत झालं होतं

अमेरिकेचा अध्यक्ष थेट लोकमताने नाही, तर राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी ठरतो; या पद्धतीला इलेक्टोरल कॉलेज म्हणतात. ‘डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन हे दोन्ही पक्ष कधीच एकत्र येणार नाहीत, म्हणून इलेक्टोरल कॉलेज बदलणं अशक्य’ असं काही जण म्हणतात. आजचं वातावरण पाहता ते पटतं, पण ‘कधीच’ हा शब्द मला मान्य नाही. १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत वंशभेदाचा पुरस्कर्ता, तिसऱ्या पक्षाचा उमेदवार जॉर्ज वॉलेस दक्षिणेतली ५ राज्यं जिंकून गेला आणि कुणालाच बहुमत न मिळण्याची वेळ येते की काय, अशी धास्ती दोन्ही पक्षांना वाटली. पुढच्याच वर्षी प्रतिनिधीगृहाने (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) थेट लोकमताने अध्यक्ष निवडण्याची घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली! विजेत्याला किमान ४० टक्के मतं हवीत, नाहीतर पहिल्या दोघांत फेरनिवडणूक, अशी ती योजना होती. डेमोक्रॅट सिनेटर बर्च बाय यांनी ती सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, लावून धरली, रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांनीही पाठिंबा दिला.

अडलं ते सिनेटमध्ये. मुख्यतः दक्षिणेतल्या सिनेटरांनी, काही लहान राज्यांच्या साथीने, चर्चा लांबवत ठेवली. ती थांबवायला दोन तृतीयांश मतं लागत; सप्टेंबर १९७० मध्ये ५४ विरुद्ध ३६ पडली, म्हणजे फक्त ६ कमी. मला याची फार हळहळ वाटते. मतदानालाच येऊ न दिलेल्या प्रस्तावाला ‘देशाने नाकारलं’ कसं म्हणायचं?