मदत हवी आहे: आमच्या गेमचा डेमो (फुकट खेळून पाहायचा नमुना) आत्ताच बाहेर काढावा की राखून ठेवावा?

आम्ही दोघं गोडो ४.३ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये टूडी पझल-प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत कोडी सोडवायचा गेम, करतोय. कोड माझा, चित्रं मित्राची. ठरवलेल्या २४ लेव्हलपैकी ९ पूर्ण झाल्यात, बाकीच्या नुसत्या राखाडी ठोकळ्यांच्या आहेत. काम नोकरी सांभाळून, रात्रीचं. पब्लिशर नाही, नकोही आहे.

आतापर्यंत ११ जणांना गेम खेळायला दिला आणि शेजारी गप्प बसून पाहिलं (हे फार अवघड जातं). त्यातले ७ जण तिसऱ्या लेव्हलच्या सरकत्या फळीवर अडकले. फळीचा वेग कमी करून उपयोग झाला नाही. मग कडेवरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मारता येईल अशी सवलत दिली, तेव्हा कुठे गाडी पुढे गेली.

आता घोडं अडलंय ते रिलीजपाशी. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावरचं 'कमिंग सून' पान रिलीजच्या किमान २ आठवडे आधी उघडावं लागतं आणि नेक्स्ट फेस्टमध्ये (येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा स्टीमवरचा महोत्सव) एका गेमला एकदाच भाग घेता येतो, एवढं वाचलंय. म्हणूनच ती संधी अर्धवट डेमोवर घालवायची नाही. पण डेमो दाबून ठेवला तर तोवर विशलिस्ट (गेम पुढे घ्यायचा म्हणून खूण करून ठेवणारे लोक) कशाच्या जोरावर वाढणार?

ज्यांनी स्वतः गेम रिलीज केलाय त्यांनी सांगा: तुम्ही डेमो पान उघडताच टाकलात की फेस्टपर्यंत थांबलात, आणि त्यात किती लेव्हल ठेवल्या होत्या?