रेचेल हेहो फ्लिंट : मुलींच्या स्पर्धेसाठी फ्लेक्स करायचा आहे, मजकूर तपासून द्याल का?

शिवाजी पेठ_११
कोल्हापुरात मुलींच्या स्पर्धेसाठी मैदानाच्या गेटजवळ ४ × ३ फुटांचा फ्लेक्स लावतोय. विषय इंग्लंडच्या महिला संघाच्या माजी कर्णधार रेचेल हेहो फ्लिंट. आयसीसीचा वर्षातल्या सर्वोत्तम महिला क्रिकेटपटूचा करंडक त्यांच्या नावाचा आहे आणि आपल्या शेजारच्या सांगलीच्या स्मृती मानधनाने तो २०१८ आणि २०२१ साठी मिळवलाय, हे पोरींना कळायलाच हवं. खेळाडू, संघटक, पत्रकार हे सगळं ८० शब्दांत बसवायचंय. मधोमध '१९७३ वर्ल्ड कप फायनल' मोठ्या अक्षरात घेतेय. अजून एक, १९६३ च्या स्कोअरकार्डात त्यांचं नाव सापडत नाही, ते का?

स्क्वेअर लेग
ताई, १९७१ मध्ये लग्न झालं, त्याआधी त्या नुसत्या 'हेहो'. त्या नावाने शोधा, सापडेल. महिला टेस्टमधला पहिला सिक्सर १९६३ मध्ये ओव्हलवर त्यांनीच मारला.

'फायनल' शब्द मात्र काढा. महिलांच्या त्या वर्ल्ड कपला फायनल नव्हतीच. सात संघ, प्रत्येकाची उरलेल्या सहांशी ६० षटकांची मॅच, ज्याचे गुण जास्त तो विजेता. विजयाला ४ गुण, मॅच रद्द झाली तर १. २८ जुलैला एजबॅस्टनवर शेवटची मॅच आली तेव्हा ऑस्ट्रेलिया १७, इंग्लंड १६. म्हणजे त्या दिवशी पाऊस लागला असता तर कप ऑस्ट्रेलियाचा. इंग्लंडने ३ बाद २७९ केल्या, एनिड बेकवेल ११८, कर्णधार हेहो फ्लिंट ६४. ऑस्ट्रेलिया ९ बाद १८७, ९२ धावांनी हार. 'निर्णायक सामना' लिहा, तेच बरोबर.

पुरुषांचा पहिला वर्ल्ड कप याच्या दोन वर्षांनी, १९७५ ला. ही ओळ मोठ्या अक्षरात घ्या. आणि पैसे कुठून आले तेही लिहा: उद्योगपती जॅक हेवर्ड यांनी ४०,००० पौंड दिले. ते मिळवण्यात हेहो फ्लिंट यांचा मोठा वाटा होता. त्यांच्यातली संघटक तिथे दिसते.

जुनी कात्रणं
पत्रकारितेसाठी एक ओळ पुरे: वुल्व्हरहॅम्प्टनच्या 'एक्स्प्रेस अँड स्टार'मध्ये आणि पुढे 'डेली टेलिग्राफ'साठी लेखन. बाकी जागा लंडनच्या लॉर्ड्स मैदानाला द्या. ४ ऑगस्ट १९७६ ला तिथे महिलांची पहिली मॅच झाली, कर्णधार त्याच. तरी एमसीसीचं, म्हणजे लॉर्ड्स ज्यांच्या मालकीचं त्या क्लबचं, सभासदत्व बायकांना बंद. १९९१ मध्ये त्यांनी अर्ज केला, नाव नुसतं 'आर. फ्लिंट'. फेब्रुवारी १९९८ च्या मतदानात ५६ टक्के बाजूने, पण दोनतृतीयांश लागत होते, ठराव पडला. सप्टेंबरात पुन्हा मतदान, ७० टक्के, मंजूर. १९९९ मध्ये पहिल्या दहा मानद महिला सभासदांत त्या होत्या, २००४ ला एमसीसीच्या समितीवर. १९७६ लाच ओव्हलवर टेस्ट वाचवायला त्या ५२१ मिनिटं खेळून १७९ काढतात. एमसीसीचा लढा आणि ही खेळी, दोन्ही कामं फ्लेक्सवर शेजारी शेजारी ठेवा.

एक चूक नेहमी होते: १९७८ ला वर्ल्ड कप भारतात झाला म्हणून 'भारतात खेळल्या' असं लिहितात. त्या संघात त्या नव्हत्या, कर्णधारपद आधीच काढून घेतलं होतं.

डीटीपी_राजारामपुरी
छपाईचं बघा. दहा फुटांवरून वाचायला अक्षराची उंची किमान एक इंच हवी. ४ × ३ मध्ये फोटो धरून ८० शब्द दाटीवाटीने बसतील, ६० वर आणा. मजकूर युनिकोडमध्ये देता आणि दुकानात तो श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये, बदलतात, तिथे जोडाक्षरं तुटतात. 'फ्लिंट'मधली वेलांटी 'ल'वर सरकते, 'एजबॅस्टन'चा चंद्र उडतो. म्हणून पीडीएफ द्या, फॉन्ट आत घालून. प्रूफ मोबाईलवर न बघता कागदावर काढून दोघींनी वाचा, एकीने मोठ्याने, दुसरीने आकड्यांवर बोट ठेवून.

शिवाजी पेठ_११
'फायनल' काढलं. मधोमध आता '१७ विरुद्ध १६' घेतेय.