मेनमधली मतपत्रिका
अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा आकडा देऊन काहीजण म्हणतात: २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन तिथे १०,७०४ मतांनी हरल्या आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइनना ५१ हजारांवर मते पडली, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीत हिलरींकडून हरलेल्या बर्नी सँडर्सच्या रुसलेल्या समर्थकांनी घात केला. आकडे बरोबर आहेत, हिशोब पटत नाही. स्टाइन उभ्या नसत्या तर ती सगळी माणसे मुकाट हिलरींना मत द्यायला गेली असती हे गृहीत कसे धरायचे? त्यातली बरीचशी घरीच बसली असती.

हा पेच मेन राज्याने मतपत्रिकेतच सोडवलाय: तिथे उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देता येते, आणि कोणालाच निम्म्याहून जास्त मते नसतील तर मागे पडलेल्यांना बाद करून त्यांच्या मतदारांची पुढची पसंती मोजतात. माझी मावसबहीण तिथे राहते. कट्टर बर्नीवाली. २०२० ला बर्नी बाद झाल्यावर तिने पहिल्या पसंतीला ग्रीनच्या हॉकिन्ससमोरचा गोल काळा केला, दुसऱ्या पसंतीला बायडन. (दातओठ खात, पण केला.) बायडनना राज्यात निम्म्याहून जास्त मते पडल्याने दुसरी पसंती मोजायची वेळच आली नाही. पण २०१८ ला अमेरिकी संसदेच्या तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मतदारसंघात ती वेळ आली होती. पहिल्या फेरीत रिपब्लिकन पॉलिक्विन सुमारे दोन हजार मतांनी पुढे होते, निम्मी मते मात्र कोणालाच नव्हती. मग दोन अपक्षांच्या मतदारांची पुढची पसंती मोजली आणि डेमोक्रॅट गोल्डन साडेतीन हजारांनी निवडून आले. पॉलिक्विन कोर्टातही गेले, उपयोग झाला नाही. आणि हो, त्या अपक्षांच्या मतदारांपैकी बऱ्याच जणांनी पुढची पसंती दिलीच नव्हती.