मदत हवी आहे: ३ आणि ६ उलटे काढणारी मुलं

इंदूरच्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गात पाच-सहा वर्षांची मुलं ३ चा ६ आणि ६ चा ३ करतात. इंग्रजीत बी-डीची तीच गत. या वयात यात काळजीचं काही नाही, हे पालकांना सांगतोच. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच. आकड्याचं मात्र तोंड फिरलं की नाव बदलतं, हे नजरेला नव्याने शिकावं लागतं.

दोन्ही आकडे एकाच आठवड्यात घेतले, तिथेच घोळ झाला. आता आधी फक्त ३: पाटीवर डावीकडे वर हिरवा ठिपका, तिथून सुरुवात, पोट उजवीकडे, कंबर, पुन्हा पोट, मग शेपूट. रव्याच्या ताटात बोटाने दहादा, मग डोळे मिटून. तो पक्का झाला की ६. नुसतं गिरवून घेतलं तर हात भलतीकडून निघतो आणि ते लक्षातही येत नाही.

३६ म्हणजे पाठीला पाठ, ६३ म्हणजे समोरासमोर, हे मुलांना पटतं. पण सुटा ६ आला की पुन्हा गाडी अडते. ६ च्या वळणाबरोबर म्हणता येईल अशी दोन ओळींची बडबड कोणाकडे आहे का? आणि डावखुऱ्या मुलांचा हातच ठिपका झाकतो, त्यांना खूण कुठे देता?