भाषा बदलायची की लिहायची पद्धत?

घणसोलीकर:
महापेला अकरा वर्षं जावा या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहितोय. बिलिंगचं मॉड्यूल नव्याने लिहायचंय आणि टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो क्लास, ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधायची पद्धत), चाललंय तसंच चालू दे. दुसरा म्हणतो स्काला ही दुसरी भाषा घ्या, सगळं फंक्शनल करा, म्हणजे आलेली माहिती न बदलता त्यातून नवी काढून देणारी फंक्शन्स लिहा. काल डबे उघडून तसेच राहिले, इतका वाद. खरंच भाषा बदलायला हवी का?

ठाणे पूर्व:
दादा, आधी एवढंच बघा: तुमचं फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, हातात दिलेली वस्तू बदलतं का?

आमच्याकडे एका मार्चअखेरीस ग्राहकांना जुन्याच बिलांची स्मरणपत्रं गेली. दोन दिवस ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीपर्यंत उभ्याने तो कोड मी डोक्यात चालवत होते. निघालं काय, तर रिपोर्टसाठी बिलं रकमेप्रमाणे लावायला एकाने जावातलं क्रम लावायचं तयार फंक्शन कलेक्शन्स.सॉर्ट वापरलं होतं. ते नवी यादी देत नाही, आहे तीच हलवतं. आणि पुढचा कोड पहिली नोंद म्हणजे सर्वांत ताजं बिल असं धरून चालला होता. दोन्हीकडच्या ओळी आपापल्या जागी बरोबर होत्या, पण दोघांच्या हातात यादी एकच!

स्ट्रीम म्हणजे यादीतल्या नोंदी एकेक करून पुढे देणारी जावातली सोय, तिच्यावर सॉर्टेड लावून वेगळी यादी घेतली, मूळ यादी जशीच्या तशी राहिली. जावा सोडावी लागली नाही. लॅम्डा (बिननावाची छोटी फंक्शन्स) आणि स्ट्रीम २०१४ च्या जावा ८ पासून आहेतच. फंक्शनलला नवी फॅशन म्हणणाऱ्यांनाही सांगा, त्याच वळणाची लिस्प ही भाषा १९५८ ची आहे आणि जावा १९९५ ची.

कोपरखैरणे:
पण ताई, खात्यातली शिल्लक तर बदलतेच ना? तिथे काय करणार?

ठाणे पूर्व:
पासबुक आठवा. जुनी ओळ कुणी खोडत नाही, खाली नवी येते, शिल्लक त्यातूनच निघते. बिलिंगला हेच हवं. एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी एर्लँग ही भाषा घडली, तिच्यातही प्रोसेस (एकाच वेळी चालणारी स्वतंत्र कामं) एकमेकींच्या मेमरीला हात लावत नाहीत, निरोप पाठवतात. स्क्रीनवरच्या खिडक्या-बटणांना मात्र ऑब्जेक्ट शोभतात. तिथे मी आजही क्लासच लिहिते, आणि आवडीने.

घणसोलीकर:
ताई, आत्ताच आमचा कोड उघडला. सॉर्ट सात ठिकाणी आहे, त्यात दोन ठिकाणी बाहेरून आलेलीच यादी हलतेय. सोमवारी स्कालाच्या आधी ही दोन ठिकाणं टीमसमोर ठेवतो.